जुन्या पेट्रोल जीपचे टायमिंग : कानावर नव्हे, खुणेवर लावावे

गावोगावच्या पडव्यांत, गोठ्याच्या कडेला किंवा ताडपत्रीखाली जुनी पेट्रोल जीप अजून दिसते. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. त्यानंतरची काही दशके बियाणे, खताची पोती, दुधाचे कॅन आणि लग्नाचे वऱ्हाड असे सर्व काही या गाडीने वाहिले. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून बऱ्याच जणांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. ज्यांनी मूळचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन जपले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जुनी ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी बाळगणाऱ्यांनाही तो थोड्याफार फरकाने उपयोगी पडेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे ट्रॅक्टरचा येथे संबंध नाही.

मी कृषिविद्या शिकवतो, इंजिने नव्हे. तरीही हा विषय घेण्याचे कारण घरचे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असताना, माझ्या वडिलांचे उजवे मनगट आमच्याच जीपच्या हँडलने मोडले. बॅटरी उतरली होती म्हणून त्यांनी हँडल मारले आणि इंजिनाने ते उलटे फेकले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला, पेरणी धाकट्या भावाने उरकली. आठ दिवसांपूर्वीच गाडी एका गॅरेजमधून टायमिंग लावून आणलेली होती आणि रस्त्यावर ती जराही कुरकुर करीत नव्हती. मिस्त्री कामाला वाईट नव्हता. वर्षानुवर्षे चालत आलेल्या रीतीनेच त्याने टायमिंग लावले होते. नंतर आमच्या कृषी यंत्रे विभागातील सहकाऱ्याच्या मदतीने मोजून पाहिले, तेव्हा जी ठिणगी ५ अंश आधी पडायला हवी ती सुमारे १७ अंश आधी पडत होती. जुनी रीत आता का फसवते आणि टायमिंग घरच्या घरी खात्रीने कसे लावावे, हे आपण पाहू.

ठिणगी आधी का पडावी लागते?

पाटाने पाणी देणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही. सारा शेवटपर्यंत भिजण्याची वाट पाहून दारे मोडले तर पाटात निघालेले पाणी येतच राहते आणि शेवटी बांध फुटतो. म्हणून सारा पुरता भरण्याच्या थोडे आधीच दारे मोडावे लागते. पाण्याला पोहोचायला वेळ लागतो, तो हिशेबात धरावा लागतो.

सिलिंडरमध्येही तसेच आहे. पिस्टन वर जाताना पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबले जाते. प्लगला ठिणगी पडली की सर्व मिश्रण एकदम पेटत नाही. जाळ प्लगपासून पसरत जातो आणि त्याला ढोबळमानाने सेकंदाचा दोन हजारांशावा भाग लागतो असे धरू, म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातील दोन. जळण्याने येणारा जोर पिस्टन वरच्या टोकाला जाऊन खाली वळल्यानंतर लगेच सर्वात जास्त असावा, तरच तो पुरता कामी येतो. या वरच्या टोकाला मिस्त्री 'टॉप' म्हणतात. तेव्हा ठिणगी टॉपच्या आधीच पडायला हवी. किती आधी, हे क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत सांगतात. पूर्ण एक फेरा म्हणजे ३६० अंश.

इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल, तर वर सांगितलेल्या वेळात क्रँकशाफ्ट सुमारे ८ अंश फिरतो. तेच २००० फेऱ्यांना सुमारे २४ अंश फिरतो. वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडावी लागते ती यामुळे. हे काम डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला 'डेल्को', आपोआप करतो. त्याच्या पोटात स्प्रिंगने आवळलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे ढकलतात. ॲम्बॅसिडरच्या डिस्ट्रिब्युटरला याशिवाय एक व्हॅक्यूमची डबी असते. गाडी हलक्या ओझ्याने चालत असताना मिश्रण सावकाश जळते, तेव्हा ही डबी टायमिंग आणखी थोडे पुढे नेते.

आता हँडल मारण्याचा हिशेब करा. हाताने मिनिटाला फार तर शंभर फेरे होतात. त्या वेगाला जाळ पसरण्याच्या वेळात क्रँकशाफ्ट जेमतेम एक अंश फिरतो. जाळ चौपट सावकाश पसरला असे धरले तरी पाच अंश होतात. अशा वेळी ठिणगी १७ अंश आधी पडली, तर पिस्टन टॉपला पोहोचण्यापूर्वीच मिश्रण पेटून जोर धरते आणि पिस्टनला आल्या वाटेने मागे ढकलते. पिस्टनला क्रँकशाफ्ट जोडलेला, क्रँकशाफ्टला हँडल आणि हँडलला माणसाचा हात.

जुनी रीत का फसते?

पूर्वीपासूनची रीत अशी : गाडी रस्त्यावर घ्यायची, टॉप गिअरमध्ये सावकाश वेगाला ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा, नॉकिंगचा टणटण आवाज येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवायचा आणि मग केसभर मागे घ्यायचा. यंत्र नाही, खूण नाही, केवळ कान. एके काळी ही रीत बऱ्यापैकी काम देत असे.

नॉकिंग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जाळ पसरत असताना शेवटी उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने जाळ पोहोचण्याआधीच आपोआप भडकते. तो हातोडीसारखा ठोका आपल्याला ऐकू येतो. जड ओझ्याखाली तो सतत चालू राहिला तर पिस्टनचे डोके खाल्ले जाते, रिंगा तुटतात. पेट्रोल या आपोआप भडकण्याला किती दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन. ज्या काळात हे इंजिन तयार झाले त्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेन आजच्यापेक्षा बराच कमी होता. त्यामुळे टायमिंग योग्य जागेच्या जरा पुढे गेले की लगेच आवाज येई. नॉकिंग हाच जणू शेताचा बांध होता, त्याला पाय लागला की मागे यायचे.

आता हा बांध लांब सरकला आहे. देशभरात शिशाचे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, पण ऑक्टेन इतर मार्गांनी राखला गेला. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल आले. ते आपल्याच उसाचे, मक्याचे आणि तांदळाच्या कणीचे आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्याचे सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलचा ऑक्टेन मूळचाच जास्त असतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९५ ठेवला जातो. उलट जीपच्या हरिकेन इंजिनात मिश्रण साधारण सातपट दाबले जाते, आजच्या मोटारीत ते दहापट किंवा त्याहून अधिक दाबले जाते. एवढ्या हलक्या दाबाच्या इंजिनात असे पेट्रोल सहजासहजी नॉक करीत नाही. टायमिंग योग्य जागेच्या दहा-बारा अंश पुढे गेले तरी इंजिन गप्प राहू शकते. आमच्या जीपमध्ये हेच झाले. मिस्त्री आवाजाची वाट पाहत डिस्ट्रिब्युटर फिरवत गेला आणि आवाज आलाच नाही.

गप्प इंजिन म्हणजे बरोबर टायमिंग, असे आता समजू नये. टायमिंग फार पुढे असलेल्या गाडीचे हँडल तर उलटते. शिवाय गरम असताना सेल्फ मारला की तो अडकल्यासारखा होऊन झटके देतो, चढाला ओढ कमी पडते आणि इंजिन तापते. वर जाणाऱ्या पिस्टनला स्वतःच्याच जाळाविरुद्ध चढावे लागत असेल तर दुसरे काय होणार!

आणखी एक चूक सर्रास होते. इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी गाडी थोडी दमल्यासारखी वाटते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. ते खरे आहे. अशा एका लिटर पेट्रोलमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. शिवाय जुन्या कार्बुरेटरचे जेट पूर्वीच्या पेट्रोलच्या मापाचे असल्याने मिश्रण पातळ होते. पण ही कसर टायमिंग पुढे ओढून भरून निघत नाही. तो कार्बुरेटरचा प्रश्न आहे, त्याचा इलाज कार्बुरेटरमध्येच करावा.

आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग

हा क्रम उलटा करू नये. पॉइंट उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. गॅप जास्त असेल तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते. गॅप कमी असेल तर उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडते. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर केलेले सर्व काम वाया जाते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप व रोटर काढून पॉइंटची तोंडे पाहावीत. एका तोंडावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर घासत बसू नये, नवीन सेट टाकावा. कॅमच्या उंच भागावर पॉइंट पूर्ण उघडा असताना फीलर गेजने गॅप घ्यावा. मूळच्या ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरसाठी तो ०.५ मि.मी. असतो. पुष्कळ गाड्यांना पुढे लुकासचा डिस्ट्रिब्युटर बसला, त्याच्या जुन्या नमुन्यांना ०.३५ ते ०.४० मि.मी. लागतो. आपल्या गाडीत कोणता आहे हे अंगावरच्या पट्टीवरून पाहून घ्यावे, शेजाऱ्याच्या गाडीचे माप आपल्या गाडीला लावू नये. प्लगचा गॅप ०.७५ मि.मी. ठेवावा.

याच वेळी दोन गोष्टी तपासाव्यात. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर बुश झिजला आहे, मग गॅप दर फेऱ्याला बदलतो आणि टायमिंग कधीच स्थिर राहत नाही. दुसरे, रोटर परत बसवून तो फिरण्याच्या दिशेने बोटाने पिळून सोडावा. तो आपणहून मागे यायला हवा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत आतली वजने गंजून अडकतात, मग उभ्या गाडीचे टायमिंग कितीही बिनचूक लावले तरी वेगात ते चुकतेच. वजनांच्या खिळ्यांना हलके तेल द्यावे. पॉइंटवर मात्र तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये.

बल्बने टायमिंग लावणे

यासाठी १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचा बल्ब घ्यावा.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, स्विच बंद ठेवून सुरुवात करावी. चारही प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते आणि चुकून सुरू होत नाही. कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढून तिचे टोक प्लगच्या भोकांपासून दूर, इंजिनाच्या लोखंडाला पक्के टेकवून बांधावे. उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ येत असते, तिथे मोकळी ठिणगी नको. विडी-सिगारेटचे वेगळे सांगायला नको.

आता पहिल्या, म्हणजे रेडिएटरकडच्या, सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर कोणाला तरी अंगठा दाबून धरायला सांगावे आणि हँडल सावकाश फिरवावे. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की तो पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे असे समजावे. तिथून पुढे पुलीकडे लक्ष ठेवावे. बहुतेक हरिकेन इंजिनांवर पुढच्या पुलीला खाच आणि टायमिंग कव्हरवर खुणा असतात. जुन्या इंजिनांत खुणा फ्लायव्हीलवर असतात, त्या छोटे झाकण सरकवून पाहाव्या लागतात. खाच टॉपच्या आधीच्या ५ अंशांच्या खुणेवर आली की थांबावे. पुढे गेली तर हँडल उलटे फिरवून आणू नये. गिअरच्या दात्यांतील ढिलाईमुळे माप चुकते, म्हणून पूर्ण दोन फेरे देऊन पुन्हा तिथे यावे.

खुणा झिजल्या असतील किंवा पुली बदललेली असेल तर टॉपची जागा नीट शोधून पुलीवर रंगाची रेघ मारावी आणि मोजपट्टीने पुलीचा घेर मोजावा. घेराला ७२ ने भागले की ५ अंशांचे अंतर मिळते. घेर ४७० मि.मी. असेल तर ते साडेसहा मि.मी. येते. रंगाच्या रेघेपासून पुली फिरण्याच्या दिशेने तेवढे अंतर मोजून दुसरी रेघ मारावी. पुढे आलेली ही रेघ कव्हरवरच्या टॉपच्या खुणेसमोर आली की पिस्टन टॉपपासून ५ अंश मागे असतो. आमच्या गाडीचे १७ अंश याच पद्धतीने सापडले.

बल्बची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या स्क्रूला जोडावी, दुसरी गाडीच्या लोखंडाला. डिस्ट्रिब्युटर आवळणारा बोल्ट, तो हाताने जड फिरेल इतकाच, सैल करावा. मग स्विच चालू करावा. पॉइंट बंद असेल तर बल्ब विझलेला राहतो, उघडला की पेटतो. डिस्ट्रिब्युटर आधी रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवावा. नंतर उलट दिशेने अगदी सावकाश आणावा. बल्ब पेटला त्याच जागी थांबून बोल्ट आवळावा. रोटर कोणत्या दिशेने फिरतो हे ऐकीव माहितीवर ठरवू नये, हँडल फिरवताना डोळ्यांनी पाहावे.

इथे हात किती हलका लागतो, याची कल्पना एका हिशेबाने येईल. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरचा एक फेरा होतो. म्हणून तो एक अंश हलला की टायमिंग दोन अंशांनी बदलते. ८ सें.मी. रुंदीच्या डिस्ट्रिब्युटरची कड जेमतेम ०.७ मि.मी. सरकली तरी हे घडते. बोल्ट आवळतानासुद्धा तो तेवढा सरकतो. म्हणून आवळून झाल्यावर स्विच चालू ठेवून हँडलने दोन फेरे द्यावेत आणि खाच खुणेवर येते त्याच क्षणी बल्ब पेटतो का, ते पाहावे. आम्हाला हे तीन वेळा करावे लागले. पॉइंट बंद असताना स्विच उगाच चालू ठेवू नये, कॉइल तापते.

शेवटी रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीसमोर आहे याची खात्री करून कॅप बसवावी. वायरींचा क्रम रोटरच्या फिरण्याच्या दिशेने १-३-४-२ असा असतो. बोल्ट आवळलेल्या जागी डिस्ट्रिब्युटर व इंजिन या दोहोंवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी.

ॲम्बॅसिडरवाल्यांची यात थोडी सोय आहे. तिच्या जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरला दातेरी गोल नट असतो आणि त्यावर 'ए' व 'आर' ही अक्षरे असतात. 'ए'कडे फिरवले की टायमिंग पुढे, 'आर'कडे मागे. साधारण ११ टिचक्यांना क्रँकशाफ्टचा एक अंश बदलतो. बोल्टला हात न लावता बारीक फरक करता येतो. किती अंश ठेवायचे ते मात्र आपल्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्यावे, जीपचे ५ अंश तिला लावू नयेत.

रस्त्यावरची परीक्षा

ती सोडायची नाही, पण तिचा अर्थ बदलला आहे. इंजिन चांगले गरम करून, हलक्या चढावर टॉप गिअरमध्ये ताशी ३० कि.मी. वेगाला ॲक्सिलरेटर दाबावा. खुणेवर लावलेले असूनही टणटण आली तर डोक्यात कार्बन साठला असेल, इंजिन तापत असेल किंवा मिश्रण फार पातळ असेल. कारण सापडेपर्यंत टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यावे. मात्र आवाज आला नाही म्हणून पुढे नेऊ नये. कानाचे ऐकून मागे यावे, पुढे जायचे ते खुणेला विचारूनच.

भीतीपोटी फार मागे ठेवणेही बरे नाही. उशिरा पडणाऱ्या ठिणगीचा जाळ काम न करता सायलेन्सरच्या वाटेने जातो. मग मॅनिफोल्ड लाल होतो, रेडिएटर उकळतो, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो आणि पेट्रोल जास्त लागते.

हँडल मारताना

टायमिंग बरोबर असले तरी ही सवय मोडू नये. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली अंगाच्या जोराने कधीही दाबू नये. ओढताना ते उलटले तर मूठ सुटून जाते, दाबताना उलटले तर सगळा भार मनगटावर येतो. माझे वडील चाळीस वर्षे हँडल मारत आले, पण त्या दिवशी घाईत त्यांनी ते वरून दाबले होते. आता आमच्या घरी हँडल सीटखाली पडून असते आणि बॅटरी दर पंधरा दिवसांनी चार्ज होते.

नवीन पॉइंट टाकले असतील तर पहिल्या ५०० कि.मी. नंतर गॅप व बल्ब पुन्हा एकदा तपासावा. पॉइंटची टाच सुरुवातीला जरा लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूच मागे पडते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. इथेनॉलचे पेट्रोल हवेतील ओल धरते, पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि दसऱ्याला गाडी सुरू होत नाही. तेव्हा लोक पुन्हा डिस्ट्रिब्युटरच फिरवायला घेतात.